निजलेला शार्क

पेण आणि नागोठणे यांच्या मधल्या कासू भागात मासळी खाणाऱ्यांना मुशी नवी नाही. मात्र टोपलीतली ती मुशी आणि सिनेमातला अक्राळविक्राळ शार्क एकाच गोतातले, हे सांगूनही पटत नाही. या गोतातली मंडळी फार निरनिराळ्या स्वभावांची आहेत. त्यांतला सर्वांत सुस्त म्हणावा असा एक म्हणजे नर्स शार्क.

आपल्याकडची हौशी मंडळी तारकर्ली-मालवणला पाणबुडीचे धडे घेतात आणि पुढे लक्षद्वीपला किंवा अंदमानला जातात. तिथल्या प्रवाळांच्या कपारीत हा तपकिरी मासा दिवसाढवळ्या निजलेला दिसतो, कधी कधी तर चारपाच जण एकमेकांच्या अंगावर रेलून! लांबी तीन मीटरपर्यंत भरते. शार्क पोहायचा थांबला की मरतो, असे आपण ऐकलेले असते. काही जातींच्या बाबतीत ते खरेही आहे. नर्स शार्क मात्र पडल्या पडल्या तोंडाने पाणी ओढतो आणि कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. त्याचा श्वास चालूच असतो.

अंधार पडला की स्वारी उठते. नाकाशी दोन मिशा असतात, त्यांनी तळ चाचपत जायचे. भक्ष्य सापडले की फटीला तोंड लावून घसा एकदम फुगवायचा, की आतला खेकडा किंवा ऑक्टोपस पाण्यासकट तोंडात! गळाला लागला तर हाच मासा तोंडातले पाणी पकडणाऱ्याच्या अंगावर उडवतो.

निजलेला दिसला म्हणून शेपटी धरून फोटो काढण्याचा मोह काहींना होतो. एरवी तो माणसाच्या वाटेला जात नाही, पण डिवचला तर चावतो, आणि एकदा पकडले की सहजी सोडत नाही. खाऊ घालणेही तितकेच वाईट. मालदीवमध्ये अलिमथा बेटाच्या धक्क्यापाशी खाण्याच्या आशेने हे शार्क रात्री जमू लागले आणि पाहणाऱ्यांचीही झुंबड उडाली. त्या देशाने २०१० साली शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, म्हणून तिथे ते निर्धास्त आहेत. आपल्याकडे याच्याच चुलत घराण्यातल्या अजस्र व्हेल शार्कला २००१ साली कायद्याचे संरक्षण मिळाले.

नर्स शार्कची पिल्ले आईच्या पोटातच अंड्यातून बाहेर येतात आणि तिथलीच इतर अंडी खाऊन वाढतात. एका वेळी जन्मतात ती मोजकीच. कपारीतले चार मासे जाळ्यात गेले, तर ती कपार पुन्हा भरायला कित्येक वर्षे लागतात.