मदिनेसाठी मोत्यांचा गालिचा

बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी १८६५च्या सुमारास एक गालिचा करवून घेतला. रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर सुमारे १५ लाख बसरा मोती, मधोमध हिऱ्यांची फुले. मदिनेत हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्या रौज्यावर तो अर्पण करण्याचा महाराजांचा मानस होता, असे सांगितले जाते.

बसरा मोती मात्र बसरा शहरात सापडत नसत. ते आखातातल्या, विशेषतः बहारीन आणि कतारलगतच्या समुद्रातले. व्यापाराच्या बंदराचे नाव त्यांना चिकटले.

शिंपल्यातल्या जिवाला इजा झाली किंवा परजीवी आत शिरला, की तो त्याभोवती चमकदार थर चढवत राहतो. हाच मोती. हिऱ्यासारखे त्याला पैलू पाडावे लागत नाहीत. संवर्धित मोत्यात अनेकदा माणूसच कवचाचा मणी आत ठेवतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक क्ष-किरणांखाली कळतो. नैसर्गिक मोत्यात कांद्यासारखे थर असतात, मणी घातलेल्या मोत्यात तो मणी दिसतो.

हे थर समुद्राचे, पण ते वर येत माणसाच्या श्वासावर. नाकाला चिमटा लावून, दोरीच्या दगडावर पाय देऊन पाणबुड्या तळ गाठत असे. वर साथीदार दोर धरून उभा. कितीतरी शिंपले उघडावेत, तेव्हा एखादा चांगला मोती मिळे. नावेचा प्रमुख ‘नाखुदा’. आपल्या कोकणातला ‘नाखवा’ याच शब्दातून आला. उन्हाळी हंगामाआधी पाणबुडे उचल घेत. ती फिटली नाही, तर कर्ज पुढच्या हंगामावर जाई. मोती मुंबईच्या बाजारात आणि तिथून युरोपात जात. श्वास रोखणाऱ्याच्या घरी ते राहत नसत.

पुढे जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, १९२९ची जागतिक मंदी आली आणि १९३२मध्ये बहारीनमध्ये तेल सापडले. हा व्यवसाय संपत गेला. नैसर्गिक मोती आज दुर्मीळ आहेत, त्याचे हेही एक कारण.

महाराजांचे १८७०मध्ये निधन झाले. गालिचा मदिनेला गेलाच नाही. २००९मध्ये दोहा येथील लिलावात तो सुमारे साडेचोपन्न लाख डॉलरला विकला गेला. दोहा आखाताच्याच काठी आहे. मदिनेसाठी जडवलेले मोती असे आपल्याच समुद्राशी परतले. ते तळातून वर आणणाऱ्यांची नावे मात्र कुणालाच ठाऊक नाहीत.