वेणीच्या आदल्या दिवशी

इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात लग्नसराई लागली की पार्लरच्या वेळा आधीच बोलून ठेवाव्या लागतात. वेणी तीन पेडी की पाच पेडी, गंगावन किती लांब, गजरा मोगऱ्याचा की अबोलीचा, यावर घरात रोज खल चालतो. केसांच्या तयारीचा विषय मात्र निघत नाही. ते पार्लरवाली बघून घेईल असं धरलेलं असतं. माझ्या मते हे चुकतं. वेणी नीट बसेल का आणि रात्री सोडताना केस तुटून हातात येतील का, हे बरंचसं आदल्या दिवशी घरच्या न्हाणीत ठरतं. इंदापूर तालुक्यात तर ते सगळ्यात आधी पाण्यावर ठरतं.

नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात ऊस आणला आणि त्यामागून कित्येक जमिनी खारवटल्या. विहिरी-बोअरचं पाणीही बऱ्याच ठिकाणी जड आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. ते मोजायला प्रयोगशाळा लागते, पण घरात खुणा दिसतातच: तूरडाळ लवकर शिजत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरं कीट धरतं, साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतं. तो केसांवर बसला की केस राठ लागतात, एकमेकांना धरतात आणि पेड सरळ पडत नाहीत. जड पाण्याने केस कमजोर होतात का, यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे सगळी केसगळती पाण्याच्या माथी मारणं बरोबर नाही. पण गुंता वाढायला हा साका पुरेसा आहे. म्हणून केसांना अंगाचा साबण नको. शाम्पू, शिकेकाई किंवा रिठा यांचा असा साका होत नाही. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्यावेत. प्यायचं पाणी केसांवर ओतायचं का, हा आक्षेप उन्हाळ्यात रास्तच आहे. म्हणूनच दोन तांबे म्हटलं, बादली नव्हे.

न्हाण्याआधी तासभर खोबरेल लावायची आपली जुनी पद्धत पुराव्यावर टिकते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतलं प्रथिन कमी वाया जातं असं फक्त खोबरेलाच्या बाबतीत दिसलं. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचकाने ध्यानात ठेवावंच. तरी त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतं. मग तेल वेणी घालतानाच का लावू नये? कारण तेलकट केसांवर पिना आणि गंगावन घसरतात. तेल न्हाण्याआधीचं, वेणीचं नव्हे.

न्हाणंही आदल्या दिवशीच उरकावं. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. शिवाय लांब केस मुळाशी वाळायला वेळ लागतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंत ओल्या केसांतच गुंता सोडवा असं सांगतात. तो सल्ला आफ्रिकी वंशाच्या बायकांच्या घट्ट कुरळ्या केसांसाठी योग्य आहे. त्यांच्या बारीक वेण्या कित्येक आठवडे राहतात आणि त्यांची तयारीही तशीच कसून होते. आपल्याकडच्या सरळ किंवा लहरी केसांना आधी वाळू द्यावं. मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून सुरुवात करून थोडं थोडं वर यावं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीची टोकं पाच-सहा वर्षांची झिजलेली असतात. मुळापासून ओढलेला कंगवा सगळा गुंता त्याच टोकांवर नेऊन घट्ट करतो.

आमच्या आज्यांनी यातलं काही न करता जन्मभर घट्ट वेण्या घातल्या, असं कुणी म्हणेल. पण त्या आठवड्याला शिकेकाईने न्हायच्या, तेल रोज लावायच्या. तयारी त्यांच्या नित्यक्रमातच होती. घट्ट वेणीचं म्हणाल, तर कित्येक वृद्ध बायकांच्या कपाळावरची मागे सरकलेली केसांची रेघ पाहावी. ओढ बसून केस जाण्याची नोंद वैद्यकात 1907 सालीच झाली, ग्रीनलंडमधल्या बायकांविषयी. गंगावनाचं वजन त्या ओढीत भरच घालतं, म्हणून ते जोडताना दुखलं तर लगेच सांगावं. दुखणं हा वेणी छान बसल्याचा पुरावा नव्हे. शाळेत रोज दोन घट्ट वेण्या घालणाऱ्या मुलींच्या कपाळाशी आणि कानाजवळ केस विरळ होतायत का, हेही आयांनी पाहावं. तसं दिसलं तर वेणी सैल करावी आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. वेळेत थांबलं तर हे केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ राहिली तर येत नाहीत.