न लिहिलेली ओळ शोधताना

प्रोग्राममध्ये एखादी शक्यता लिहायची राहून गेली, तर ओकॅमल भाषेचा कंपायलर नुसती तक्रार करत नाही. राहिली ती कोणती, हेही लिहून दाखवतो. हे त्याला कसं जमतं, ते मी कागद-पेन्सिल घेऊन पायरीपायरीने करून पाहिलं. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतले ल्युक मारांजे यांनी ही रीत २००७ च्या शोधनिबंधात मांडली आहे.

पैसे देण्याचे तीन प्रकार घेतले: रोख, कार्ड, यूपीआय. व्यवहार दोन: जमा आणि परतावा. या जोडीसाठी तीन ओळी लिहिल्या. रोख असेल तर व्यवहार कुठलाही. प्रकार कुठलाही, पण व्यवहार जमा. कार्ड आणि परतावा. 'कुठलाही'साठी भाषेत अधोरेषा लिहितात. वाचताना सगळं आल्यासारखं वाटतं.

कंपायलर या ओळींचा तक्ता करून एकच प्रश्न विचारतो: तळाला दोन्ही रकान्यांत अधोरेषा असलेली ओळ जोडली, तर तिच्या वाट्याला काही येईल का? येत असेल तर तक्ता अपुरा. मग एकेक रकाना सोडवायचा. पहिल्यात रोख आणि कार्ड आहेत, यूपीआय नाही. म्हणून तिथे अधोरेषा असलेली ओळ तेवढी ठेवायची, बाकीच्या खोडायच्या. उरलं फक्त 'जमा'. त्या रकान्यात परतावा नाही. पुन्हा खोडलं आणि हाती एकही ओळ राहिली नाही. आता मागे येत सुटलेली नावं गोळा केली: यूपीआय, परतावा. उत्तर मिळालं.

रकान्यात सगळी नावं आली असती, तर प्रत्येकासाठी वेगळा छोटा तक्ता करावा लागला असता. त्यामुळेच काही वेळा हे काम अफाट वाढू शकतं. हीच कसोटी प्रत्येक ओळीला तिच्या वरच्या ओळींपुरती लावली, की कधीच वापरात न येणाऱ्या ओळीही सापडतात.

रस्ट भाषेत अपुरा तक्ता ही थेट चूक ठरते, प्रोग्राम तयारच होत नाही. ओकॅमल आठव्या क्रमांकाचा इशारा देऊन पुढे जातो. तो यूपीआयचा परतावा खरंच आला, तर चालू प्रोग्राम तिथे कोसळू शकतो.

इशारा घालवायला शेवटी एक अधोरेषा टाकली की काम भागतं, पण तपासणीही तिथेच संपते. उद्या चौथा प्रकार आला, तर तो त्या अधोरेषेत मुकाट्याने जाईल आणि कंपायलर काही बोलणार नाही. म्हणून नावं थोडी असतील तिथे ती सगळी लिहा, आणि आठव्या इशाऱ्याला चूक मानायला कंपायलरला सांगून ठेवा.