थकवा : स्नायूंचा आणि मज्जासंस्थेचा

पोलीस भरतीचे दिवस जवळ आले की आपल्या बाह्यरुग्ण विभागात सराव करणाऱ्या तरुणांची वर्दळ वाढते. मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावण्याची चाचणी द्यावी लागते. सोबत आलेल्या पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘साहेब, पोरगा कमजोर तर नाही ना?’ डॉक्टरमंडळींकडून समजून घेतलेले त्याचे उत्तर येथे देत आहे.

स्नायूंत तात्काळ वापरता येणारी ऊर्जा अवघ्या काही सेकंदांपुरती असते. पुढे ती सतत नव्याने तयार करावी लागते. वेगाने धावताना जमेपेक्षा खर्च वाढतो. पेशींत फॉस्फेट साचते, आकुंचनास आवश्यक असलेले कॅल्शियम कमी प्रमाणात मोकळे होते आणि पाय जड पडतात. सर्व दुखण्याचे खापर पूर्वी लॅक्टिक आम्लावर फोडले जाई. वस्तुतः ते साधारण तासाभरात रक्तातून कमी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची ठणक स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे असते.

थकव्यात मज्जासंस्थेचाही वाटा आहे. इटलीतील तुरीन येथील शास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी १८९० च्या सुमारास बोटाने वजन उचलताना येणाऱ्या थकव्याचा आलेख काढणारे उपकरण वापरले. बौद्धिक श्रमानंतर स्नायूही लवकर थकतात, असे त्यांना आढळले. पुढील प्रयोगांत असे दिसले की, पूर्ण जोर लावूनही थकलेल्या स्नायूच्या मज्जातंतूस विजेचा हलका झटका दिल्यास तो आणखी थोडा जोर दाखवतो. म्हणजे स्नायू पुरता रिता होण्याआधीच मेंदूकडून येणारी आज्ञा क्षीण झालेली असते.

म्हणून थकलेल्या मुलास आळशी ठरवू नये. पुरेशी झोप, आहार, पाणी आणि क्रमाक्रमाने वाढवलेला सराव यांनी क्षमता वाढते.

मात्र काही लक्षणे साध्या थकव्याची नव्हेत. सरावानंतर स्नायू असह्य दुखून सुजले व लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडास धोका संभवतो. उन्हात धावताना अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले, तर तो उष्माघात समजावा. अंग तत्काळ थंड पाण्याने गार करीत रुग्णालय गाठावे.

अशा वेळी खर्चाच्या चिंतेने कोणी घरी थांबू नये. आपल्या देणग्यांचा आधार याचसाठी आहे.