‘तारिणी’ आणि पॉइंट निमोचे पाणी

दक्षिण प्रशांत महासागरातील पॉइंट निमो हे जमिनीपासून सर्वांत दूरचे ठिकाण. पॉलिनेशियातले ड्यूसी बेटही येथून सुमारे २,६८८ किलोमीटरवर आहे. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय नौदलाची ‘तारिणी’ शिडांच्या बळावर येथून गेली. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली ही ५६ फुटी नौका लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांचे २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळातील पृथ्वीप्रदक्षिणेतले घर होते. दोघींनी येथील पाण्याचे नमुने गोळा केले. सूक्ष्म प्लॅस्टिक आणि सागरी जीवसृष्टी तपासण्यासाठी ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे सोपवायचे होते. २०१८ मध्ये एका जागतिक नौकाशर्यतीतील नमुन्यांत या निर्जन पाण्यातही प्लॅस्टिकचे कण सापडले होते. किनाऱ्यावर टाकलेला कचरा किनाऱ्यापुरता उरत नाही.