तराजू चुन्याची ओळख सांगतो

द्राक्षांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचुदाबरोबर चुना लागतो. पण विरवलेला चुना फार दिवस उघडा राहिला, तर हवेतला कार्बन डायॉक्साइड वायू शोषून त्याची हळूहळू चुनखडी बनते. तिने मोरचुदाची दाहकता पुरेशी मरत नाही आणि पाने करपण्याचा धोका राहतो. दोन्ही भुकट्या पांढऱ्याच. मग ओळखायच्या कशा?

वजन करून! प्रयोगशाळेत 100 ग्रॅम कोरडी भुकटी सुमारे 900 अंश सेल्सिअसवर, वजन घटायचे थांबेपर्यंत तापवितात. चुनखडीचा रेणुभार 100. त्यातला 44 भाराचा वायू उडून जातो आणि 56 ग्रॅम कळीचा चुना उरतो. विरवलेल्या चुन्याचा रेणुभार 74; त्यातले 18 भाराचे पाणी जाते, म्हणजे शंभर ग्रॅममागे सुमारे 24 ग्रॅम घट. भुकटीत हे दोनच पदार्थ असून घट 34 आली, तर ते निम्मे निम्मे आहेत असे समजावे.

आता गावात एवढी भट्टी कुठून आणायची? चिमूटभर भुकटीवर लिंबू पिळा. फसफसून फेस आला, की चुनखडी आहे हे कळते. किती आहे, ते मात्र तराजूलाच विचारावे लागते.