सिंदखेडचें पुष्य नक्षत्र

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा येथें लखुजी जाधवरावांच्या वाड्यांत जिजाबाईंचा जन्म पौष शुद्ध १५ शके १५१९ रोजीं झाला, असें रूढ आहे. इंग्रजी तारीख १२ जानेवारी १५९८ देतात. ती जुन्या ज्युलियन पद्धतीची होय. ग्रेगोरियन मोजणीनें तो दिवस २२ जानेवारी येतो. आम्हीं गणित करून पाहतां त्या दिवशीं सूर्योदयीं पौर्णिमा, वार गुरु व चंद्र पुष्यांत, असा मेळ बसला. गुरुपुष्य! जातकप्रेमी मंडळींस याहून गोड तें काय?

बृहज्जातकांत पुष्यावर जन्मलेला मनुष्य शांत, सुभग, पंडित, धनवान व धर्मशील सांगितला आहे. बृहत्संहितेच्या नक्षत्रव्यूहाध्यायांत वराहमिहिरानें पुष्याकडे मंत्री, राजे, साधु व यज्ञासक्त लोक सोंपविले असून, तिन्ही उत्तरांसह पुष्य हें राजवर्गाचें नक्षत्र ठरविलें आहे. शिवछत्रपतींच्या मातोश्रींस हें चपखल बसतें खरें. पण येथेंच सावध राहिलें पाहिजे.

नक्षत्रव्यूहांतील यादी जन्मफलाची नव्हेच. नक्षत्रास ग्रहपीडा झाली असतां कोणत्या वर्गास व कोणत्या मालास उपद्रव होईल, हें जाणण्यासाठीं ती आहे. म्हणूनच पुष्याच्या पंक्तीस राजांशेजारीं जव, गहूं आणि ऊंसही बसले आहेत. अश्विनीकडे सेनापति, वैद्य व घोड्यांचे रखवालदार. चित्रेकडे लेखक, गणिती, कोष्टी व डोळ्यांचे शस्त्रवैद्य. सहाव्या शतकांतील धंद्यांची मोजदाद म्हणून ती यादी आम्हांस फलितापेक्षां अधिक मोलाची वाटते.

शिवाय त्याच रात्रीं चंद्र पुष्य सोडून आश्लेषेंत जातो. जन्म त्यानंतरचा धरला, तर बृहज्जातकांतील फल शठ, कृतघ्न व धूर्त असें येतें, आणि नक्षत्रव्यूहांत वांट्यास सर्प, विष, परधन हरण करणारे व वैद्य येतात. तें फल जिजाबाईंस लावण्यास कोणीही धजणार नाहीं. म्हणजे चरित्र आधीं ठाऊक असतें आणि नक्षत्र मागाहून निवडलें जातें.

नांवावरून नक्षत्र काढण्याची कित्येक संग्राहकांची रीतही अशीच फसवी. अवकहडा चक्रांत पुष्याचीं अक्षरें हू, हे, हो, डा. ‘जी’ हें उत्तराषाढेच्या चौथ्या चरणाचें. तेव्हां वरील तिथि मान्य असल्यास जिजा हें व्यवहारनांवच समजावें लागतें.

जुनी जन्मपत्रिका हातीं आल्यास प्रथम शक, मास, तिथि व वार यांचा मेळ पाहावा, मग नक्षत्राचीं घटीपळें ताडून घ्यावींत. गुणस्वभावाची ओळ निराळ्या हातची किंवा निराळ्या शाईची दिसली, तर तिची नोंद वेगळी ठेवावी.